धरणाची पातळी आणि हवामानाचा अंदाज : विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की पाणीवापर संस्था, मच्छीमार संस्था आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतींकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. सप्टेंबरात त्यांचा सूर बदलतो, प्रश्न मात्र तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. हिशेब समजावा म्हणून सगळीकडे एकच कल्पित तलाव धरला आहे : पाणलोट क्षेत्र ४०० चौरस किलोमीटर, पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा २० चौरस किलोमीटर. तुमच्या धरणाचे आकडे शाखा कार्यालयातून घ्या आणि याच्या जागी बसवा.

१. अंदाज बघून पातळी ठेवायची म्हणजे काय? पाऊस आला की दार उघडायचं, एवढंच ना?

एवढंच असतं तर दारावर एक माणूस बसवून भागलं असतं. पावसाळ्यात धरणाला दोन उलटी कामं करायची असतात. पूर पोटात घ्यायला जागा रिकामी ठेवायची, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे आठ महिने पुरेल एवढं पाणी भरूनही ठेवायचं. म्हणून प्रत्येक मोठ्या धरणाला जलाशय परिचालन सूची असते. कोणत्या तारखेला पातळी कुठवर असावी, याचा तो तक्ता. १ ऑगस्टला इतकी, १५ ऑगस्टला इतकी, असं करत पावसाळ्याच्या शेवटी पूर्ण संचय पातळी.

हा तक्ता गेल्या अनेक वर्षांच्या येव्यावरून, म्हणजे धरणात आलेल्या पाण्यावरून, बांधलेला असतो. यंदा काय होणार हे त्याला ठाऊक नसतं. अंदाजाचं काम इथे सुरू होतं : तक्त्याच्या रेषेच्या थोडं खाली उतरायचं की थोडं वर थांबायचं, आणि किती दिवस. तक्ता मोडायचा अधिकार अंदाजाला नाही. रेषेपासून सरकायचं तर त्यासाठी वरिष्ठ कार्यालयाची लेखी मंजुरी लागते.

२. अंदाज तर ढीगभर येतात. कोणता कोणत्या कामाचा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जितक्या मुदतीचा अंदाज, तितक्याच मुदतीचा निर्णय त्यावर घ्यायचा.

हंगामाचा अंदाज भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये देतो आणि मेअखेर सुधारतो. तो पीकनियोजनासाठी : जूनमध्ये तलावात शिल्लक किती ठेवायची, पिण्याचं आरक्षण जुलैअखेरपर्यंत धरायचं की आणखी पुढे. त्यावरून दरवाजा कधीही उघडू नये.

दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. मॉन्सूनचा जोर आणि खंड यांचं चित्र त्यात दिसतं. पहिले दोन आठवडे कामाचे. तिसरा-चौथा आठवडा नुसता कल सांगतो. परिचालन सूचीच्या वर की खाली, हा निर्णय यावर.

पाच-सात दिवसांचा जिल्हा आणि तालुका अंदाज आगाऊ विसर्गाच्या तयारीसाठी. खालच्या गावांना निरोप, नदीपात्रातले मोटरपंप काढणं, डोंगे बांधणं ही कामं यावर सुरू करा.

शेवटच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज, रडार आणि वरच्या पर्जन्यमापकांवरचा प्रत्यक्ष पाऊस यांवर दरवाजे हलतात. विदर्भात मोठा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे येतो. ते ओडिशा, छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्येला सरकतं. समुद्रात तयार झाल्यापासून आपल्याकडे पोचेपर्यंत दोन-तीन दिवस हाताशी असतात. अशा क्षेत्राच्या वाटेच्या डाव्या, म्हणजे दक्षिण-नैर्ऋत्य बाजूला पाऊस जास्त पडतो. वाट ५०-१०० किलोमीटर उत्तरेला सरकली तर तुमच्या पाणलोटाऐवजी सातपुड्यापलीकडे पाणी पडतं. अंदाज 'चुकला' असं ज्याला आपण म्हणतो, त्यात पुष्कळदा एवढंच झालेलं असतं.

३. सरासरीच्या १०६ टक्के पाऊस सांगितलाय. मग तलाव भरणार ना?

तसं म्हणता येत नाही. तो आकडा अख्ख्या देशाचा असतो. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटीमीटर धरलेली आहे (१९७१ ते २०२०), आणि ९६ ते १०४ टक्के म्हणजे 'सर्वसाधारण'. या आकड्यात राजस्थानही आहे आणि मेघालयही. तुमच्या तलावासाठी त्याच अंदाजासोबत येणारा नकाशा बघा. त्यात आपल्या भागात सरासरीपेक्षा जास्त, सर्वसाधारण किंवा कमी पावसाची शक्यता रंगाने दाखवलेली असते.

दुसरं असं, की तलाव टक्क्यांनी भरत नाही, पाऊस कसा पडतो त्याने भरतो. रोज १० मिलिमीटर असा दहा दिवस पडलेला पाऊस बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) आणि जमीन पिऊन टाकते. तेवढाच पाऊस एका रात्रीत आला तर तलावात घुसतो. शेतकऱ्याला पहिला पाऊस चांगला, तलावाला दुसरा. शंभर टक्के पावसाच्या वर्षीही अर्धा तलाव रिकामा राहतो तो यामुळे.

४. एल निनो आहे म्हणतात. आतापासूनच पाणी अडवून ठेवायचं का?

एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, म्हणजे दुष्काळच, असं समीकरण नाही. २००९ मध्ये देशात ७८ टक्के पाऊस झाला आणि २०१५ मध्ये ८६ टक्के. ही दोन्ही एल निनोची वर्षं. पण १९९७ चा एल निनो फार जबर असूनही देशात १०२ टक्के पाऊस झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराची स्थिती, म्हणजे आयओडी, अनुकूल होती. २०२३ मध्ये हंगाम ९४ टक्क्यांवर निभावला, पण त्यातला ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हंगामाची सरासरी ठीक दिसली तरी मधला महिना हातचा जाऊ शकतो. तलाव चालवणाऱ्याने या वर्षाकडून हेच शिकावं.

मार्च-एप्रिलमध्ये केलेलं एल निनोचं भाकीत मुळातच कच्चं असतं, कारण त्या काळात प्रशांत महासागराची स्थिती बदलाच्या वळणावर असते. जूनच्या सुधारित माहितीवर जास्त भरवसा ठेवा.

करायचं काय? उन्हाळी आवर्तनातलं शेवटचं पाणी द्यायच्या आधी हिशेब तपासा. पावसाळ्यात पातळी परिचालन सूचीच्या वरच्या कडेला ठेवा आणि प्रश्न ९ मधली खात्री ७५ वरून ९० टक्क्यांवर न्या. दरवाजे कायम बंद ठेवणं हा मात्र उपाय नव्हे. एल निनोच्या वर्षीही एखादा पूर येतोच.

५. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' म्हणजे आमच्याकडे पडणार की नाही?

'तुरळक' याचा अर्थ त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५, त्यापुढे जवळपास सर्वत्र. पावसाच्या प्रमाणाचे शब्दही ठरलेले आहेत : २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. महसूल विभागाची पंचनाम्यासाठीची 'अतिवृष्टी' वेगळी. ती मंडळात ६५ मिलिमीटर ओलांडले की धरतात. दोन्ही शब्द एकाच निरोपात घातले की ऐकणारा घाबरतो तरी, नाहीतर दुर्लक्ष करतो.

तलावाच्या दृष्टीने 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार' हा इशारा मोठ्या पाणलोटाला तितकासा घातक नाही. 'बऱ्याच ठिकाणी मुसळधार' जास्त घातक, कारण सगळे नाले एकदम वाहतात. लहान तलावाचं गणित बरोबर उलटं आहे : एकच ढग नेमका वर आला तरी पाळीवर पाणी चढतं.

६. २९ तारखेचा पाऊस पुस्तकात १४० मिलिमीटर लिहिलाय, पण त्या दिवशी तर ऊन होतं!

पर्जन्यमापक सकाळी ८.३० ला मोजतात आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेवर लिहितात. म्हणजे '२९ चा पाऊस' बहुतेक २८ च्या दिवसा-रात्री पडलेला असतो. अंदाजातला दिवसही सकाळी ८.३० लाच बदलतो. येव्याची नोंद मात्र पुष्कळ ठिकाणी सकाळी ६ ला किंवा मध्यरात्री करतात. पाऊस आणि येवा जुळवून बघताना या वेळा एकसारख्या केल्या नाहीत, तर पाऊस पडायच्या आधीच पूर आला असं कागदावर दिसतं.

७. अंदाजातले मिलिमीटर तलावाच्या पातळीत कसे बदलायचे?

१ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. आपल्या ४०० चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर म्हणजे ४ लाख घनमीटर, अर्थात ०.४ दलघमी (दशलक्ष घनमीटर). १०० मिलिमीटर पडला तर ४० दलघमी.

हे सगळं तलावात येत नाही. जमीन कोरडी असेल तर १० टक्के धरा : ४ दलघमी. भागिले पसारा २० चौरस किलोमीटर, म्हणजे पातळी २० सेंटीमीटर चढली. जमीन मध्यम ओली, ३० टक्के : १२ दलघमी, ६० सेंटीमीटर. ऑगस्टअखेर बांध्या आणि बोड्या (शेतातली लहान तळी) तुडुंब असताना ६० टक्के : २४ दलघमी, पातळी १ मीटर २० सेंटीमीटर. पाऊस तोच १०० मिलिमीटर, आणि पातळीत सहा पटींचा फरक. म्हणून एकट्या अंदाजावर कुणी पातळी सांगत असेल तर आधी विचारा : गेल्या दहा दिवसांत पाणलोटात पाऊस किती झाला?

तलावाच्या पृष्ठभागावर थेट पडणारा पाऊस वेगळा मिळवा. तो शंभर टक्के जमा होतो.

आता उतरवण्याचा हिशेब. १०० घनमीटर प्रति सेकंद विसर्ग २४ तास चालू ठेवला तर ८.६४ दलघमी जातं, म्हणजे साधारण ४३ सेंटीमीटर. पाऊस उद्यावर आला असताना '१ मीटर जागा करा' म्हणणं सोपं आहे. एवढ्या विसर्गाने त्याला सव्वादोन दिवसांहून जास्त लागतात. पाळ मातीची असेल तर दिवसाला फूटभरापेक्षा जास्त पातळी उतरवण्याआधी धरण सुरक्षेच्या अभियंत्याला विचारा. पाणी भराभर उतरलं की पाळीच्या आतल्या बाजूची माती ओलीच राहते, तिचा आधार जातो आणि ती घसरते.

८. जूनमध्ये इतका पाऊस झाला, तरी तलावात थेंब आला नाही. पाणी वर कुणी अडवलं?

बहुधा कुणी नाही. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्या आधी भरतात. पूर्व विदर्भात त्यानंतर बांध्या, बोड्या आणि लहान तलाव भरतात. वरचं भांडं भरल्याशिवाय खालच्यात पाणी उतरत नाही. रोवणीच्या दिवसांत तर लोक बांधीत पाणी बांधून धरतात, आणि ते योग्यच आहे. येवा सुरू व्हायला जमिनीत किती पाऊस मुरावा लागतो, हा तुमच्या तलावाचा स्वतःचा आकडा आहे. मागच्या दहा वर्षांच्या नोंदी काढा, १ जूनपासून किती मिलिमीटर झाल्यावर पातळी पहिल्यांदा चढली ते लिहा, आणि मधला आकडा घ्या. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पुढे दरवर्षी उपयोगी पडतं.

९. पूर येणार म्हणून आधीच पाणी सोडलं आणि पाऊस आलाच नाही तर? किती सोडणं सुरक्षित?

पाऊस चुकला तरी जे पाणी हंगाम संपेपर्यंत परत येण्याची खात्री आहे, तेवढंच सोडायचं. खात्री मोजायची रीत अशी :

गेल्या ३० वर्षांच्या नोंदी घ्या. आजच्या तारखेपासून १५ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक वर्षी किती येवा आला ते काढा. ३० आकडे मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमाने लावा. वरून २३ वा आकडा म्हणजे ७५ टक्के खात्रीचा येवा, २८ वा म्हणजे ९० टक्के खात्रीचा. त्यातून १५ ऑक्टोबरपर्यंत कालव्याला आणि पिण्याला लागणारं पाणी आणि बाष्पीभवन वजा करा. तलाव पूर्ण भरायला आज जेवढं कमी आहे तेवढंही वजा करा. उरलं तेवढं तुम्ही आज सोडू शकता.

आपल्या कल्पित तलावात समजा १ ऑगस्टनंतरचा खात्रीचा येवा ७० दलघमी निघाला, १ सप्टेंबरनंतरचा २८ आणि २० सप्टेंबरनंतरचा अवघा ५. ऑगस्टमध्ये तलाव भरत आला असेल आणि कालव्याची मागणी थोडी असेल, तर १५-२० दलघमी सोडणं हा बेफिकीरपणा नाही. २० सप्टेंबरला तेवढंच पाणी सोडणं म्हणजे रब्बी विकून टाकणं.

एकदम सगळं सोडू नका. अंदाज पाच दिवसांवर असताना एक तृतीयांश, तीन दिवसांवर आल्यावरही कायम असेल तर आणखी एक तृतीयांश, बाकी प्रत्यक्ष पाऊस सुरू झाल्यावर. कालव्याला मागणी असेल तर नदीऐवजी आधी कालव्यातून द्या. ते पाणी वाया जात नाही.

१०. ४० टक्के शक्यता म्हणजे होय समजायचं की नाही?

दोन्ही नाही. पाणी सोडून पाऊस नाही आला तर नुकसान किती, आणि न सोडता पूर आला तर किती, हे आधी मांडा. पहिलं नुकसान दुसऱ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं असेल तर साधारण १७ टक्क्यांच्या वर शक्यता गेली की सोडणं फायद्याचं. अर्धं असेल तर ३३ टक्क्यांची वाट बघा. ऑगस्टमध्ये सोडलेलं पाणी बहुधा परत येतं, म्हणून तेव्हा हा उंबरठा खाली असतो. सप्टेंबरअखेर तो वर जातो. हे उंबरठे जूनमध्ये, डोकं शांत असताना ठरवून कागदावर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता फोनवर ते ठरत नाहीत.

११. दोन अंदाज वेगवेगळे सांगतात. सरासरी काढायची?

सरासरी नको. एक म्हणतो २० मिलिमीटर आणि दुसरा १८०, तर १०० मिलिमीटर ही बहुधा न होणारी गोष्ट. कमी दाबाची वाट कुठून जाईल यावर दोघांचं एकमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. माणसं आणि निरोप यांची तयारी मोठ्या आकड्यावर करा. पाणी सोडणं लहान आकड्यावर सुरू करा आणि पुढच्या अंदाजाची वाट बघा. अधिकृत इशारा भारतीय हवामान विभागाचाच धरायचा. मोबाइलमधल्या परदेशी ॲपचा आकडा बघायला हरकत नाही, पण त्यावर सही करता येत नाही.

१२. सप्टेंबरात शेवटचं भरण कधी करायचं? दरवर्षी यावरच भांडण होतं.

भांडणाला कारणही आहे. धानाला निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, पाणी लागतं. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाची ही वेळ साधारण हस्ताच्या आसपास येते. तेव्हाच तलाव पूर्ण भरून ठेवायचा दबाव असतो, आणि परतीच्या पावसात उशिराचा पूरही येऊ शकतो. तीनही गोष्टी एकाच पंधरवड्यात.

प्रश्न ९ चा खात्रीचा येवा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज काढा. तो तलावातल्या रिकाम्या जागेपेक्षा कमी झाला, की त्या दिवसापासून नदीत आगाऊ विसर्ग बंद. त्यानंतर दरवाजा उघडायचा तो प्रत्यक्ष येवा आत येताना दिसल्यावरच. गुरुवारच्या विस्तारित अंदाजात पुढचे दोन आठवडे कोरडे दिसले, तर निसवणीचं पाणी आत्ताच द्यायचं. तलाव भरल्यावर देऊ असं म्हणत बसलात तर धान पोचट निघतं आणि पाणी तलावात पडून राहतं.

१३. आमच्याकडे पाऊस नाही, अंदाजही नाही, आणि पूर आला. कसं काय?

अंदाज तुमच्या गावाचा नाही, पाणलोटाचा बघायचा. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिथे संजय सरोवर हे धरण आहे. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाला पोचेपर्यंत बावनथडी, बाघ अशा नद्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतलं आणि राज्यांतलं पाणी घेऊन येऊन मिळतात. ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या दिवसांत हेच झालं. वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, वरून विसर्ग आला, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठ पाण्याखाली गेला.

म्हणून रोजच्या तक्त्यात तीन रकाने वाढवा : वरच्या धरणाची पातळी, त्याचा विसर्ग, आणि त्याच्या पाणलोटातला उद्याचा अंदाज. वरचं धरण ९५ टक्के भरलेलं असेल तर ते तुमच्यासाठी धरण उरत नाही. त्याचं पाणलोट क्षेत्र तुमच्यात मिळवूनच प्रश्न ७ चा हिशेब करा. विसर्ग पोचायला लागणारा वेळ एकच ठरलेला नसतो. नदी आधीच दुथडी असेल तर पाणी लवकर येतं, कोरड्या पात्रात रेंगाळतं. केंद्रीय जल आयोगाचे पूर अंदाज आणि मोठ्या धरणांच्या येव्याचे अंदाज रोज प्रसिद्ध होतात, ते याच कामासाठी आहेत.

१४. आमच्या मामा तलावाला दरवाजेच नाहीत. अंदाजाचा काय उपयोग?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या माजी मालगुजारी तलावांना सांडवा असतो आणि पाटाला पाणी सोडायचं लहान तोंड. पूर आला की पाणी सांडव्यावरून आपोआप जातं. आगाऊ उतरवायचं तर तेवढंच तोंड. ४० हेक्टरच्या तलावात १० सेंटीमीटर म्हणजे ४०,००० घनमीटर. तोंडातून ५ क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) गेलं तर दिवसाला सुमारे १२,२०० घनमीटर. म्हणजे १० सेंटीमीटरला तीन दिवसांवर वेळ. इथे अंदाजाचा उपयोग पातळीपेक्षा पाळीसाठी जास्त.

पाच दिवस आधी सांडव्यातली बेशरमीची आणि इतर झुडपं आणि माशांसाठी लावलेल्या जाळ्या काढा. पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी नवी ओल किंवा गढूळ पाझर दिसतो का ते बघा. स्वच्छ पाझर चालतो. गढूळ पाझरातून पाळीची माती वाहून जात असते. तिथे वाळूची पोती आणि खडीचा दाब द्या, तोंड बुजवू नका.

आणि एक सवय बंद करा. जास्त पाणी राहावं म्हणून सप्टेंबरात सांडव्यावर पोती रचतात. दोन फूट पोती म्हणजे पाळीचा दोन फूट मोकळा माथा कमी. त्या आठवड्यात अति मुसळधार आला तर पाणी सांडव्याऐवजी पाळीवरून जातं, आणि मातीची पाळ एकदा वरून वाहू लागली की काही तासांत फुटते.

१५. धरणाची पातळी ठरल्याप्रमाणेच होती, तरी मागच्या गावात पाणी कसं शिरलं?

तलावाचं पाणी पुरात सपाट नसतं. भिंतीजवळ पातळी, समजा, २४५.५० मीटर असेल (गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी हीच आहे), तरी वर जिथे नदी तलावात शिरते तिथे वाहत्या पाण्याला उतार लागतो, आणि पातळी भिंतीपेक्षा वर असते. पूर जेवढा मोठा तेवढा फरक मोठा. म्हणून मोठ्या येव्याचा अंदाज असेल तेव्हा मागच्या गावांसाठी पातळी आधीच खाली हवी. भिंतीजवळचा आकडा दाखवून 'अजून जागा आहे' म्हणणं चूक. गावाने स्वतःसाठी दोन आकडे माहीत करून घ्यावेत : संपादन कोणत्या पातळीपर्यंत झालं, आणि आपल्या सर्वांत खालच्या घराचा उंबरठा किती मीटरवर आहे.

१६. पातळी वरखाली केली की मासे जातात. ढिवर बांधवांनी काय करावं?

बीज तलावात पाऊस जोरात असताना सोडू नका. आठवड्याच्या अंदाजात मुसळधार असेल तर थांबा, नाहीतर बोटुकली (बोटभर पिल्लं) सांडव्यावरून नदीला. उन्हाळ्यात मृतसाठ्याजवळ, म्हणजे तोंडातून बाहेर न काढता येणाऱ्या तळाच्या पाण्याजवळ, पाणी आलं की उथळ, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि मासे पहाटे वर येऊन तोंड मारतात. ही किमान पातळी संस्थेने ऑक्टोबरच्या बैठकीतच लेखी मागावी. एप्रिलमध्ये मागून मिळत नाही.

१७. क्युसेक, क्युमेक, दलघमी, टीएमसी : कोणता कुठे?

१ क्युमेक (घनमीटर प्रति सेकंद) म्हणजे ३५.३ क्युसेक. १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे २८.३ दलघमी. निरोपात '५०० सोडतोय' एवढंच सांगितलं आणि ऐकणाऱ्याने दुसरं एकक समजलं, तर पूर ३५ पट मोठा किंवा लहान होतो. एकक उच्चारल्याशिवाय विसर्गाचा निरोप पुढे पाठवू नका.

१८. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघून जुने लोक सांगायचे. ते का नाही?

नक्षत्रं सूर्याच्या जागेवरून ठरतात, त्यामुळे मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो आणि हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. शेतीचं वेळापत्रक म्हणून ती उत्तम आहेत आणि या पानावरही तशीच वापरली आहेत. पण यंदाचा मघा गेल्या वर्षीपेक्षा वेगळा कसा असेल, हे त्या तारखेत लिहिलेलं नसतं. बेडूक वाहन आलं म्हणून दरवाजा उघडता येत नाही.

१९. उन्हाळी धान लावायचं की नाही, हे अंदाजावरून ठरवता येईल?

नाही. इथे अंदाजाची गरजच नाही, १५ ऑक्टोबरचा साठा पुरेसा आहे. त्यानंतर जूनपर्यंत तलावात मोजण्याजोगा येवा नसतो, तो फक्त रिकामा होतो. आधी पिण्याचं पाणी काढा. मग बाष्पीभवन : मेच्या उन्हात दिवसाला ८ ते १० मिलिमीटर धरलं आणि पसारा १५ चौरस किलोमीटर उरला असेल, तर एका महिन्यात सुमारे ४ दलघमी हवेत. मग रब्बी. उरलेल्यात उन्हाळी धान. त्याला बांधीत १.५ मीटर पाणी धरलं तर हेक्टरी १५,००० घनमीटर. कालव्यात ४० टक्के गळती असेल तर तलावातून २५,००० घनमीटर सोडावं लागतं. म्हणजे १ दलघमीत ४० हेक्टर. हरभऱ्याला याच्या कितीतरी कमी लागतं.

अंदाज फक्त एका ठिकाणी येतो : पुढच्या जूनसाठी शिल्लक किती ठेवायची. एल निनोची चिन्हं असतील तर प्रश्न ४ बघा.

२०. फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीने पातळी वाढेल का?

जवळपास नाही. जमीन सुकी, ढग तुकड्या-तुकड्यांत. अवकाळीच्या अंदाजाचा उपयोग एवढाच, की पाणीपाळी दोन दिवस पुढे ढकलता येते आणि तेवढं पाणी वाचतं.

२१. जुन्या नोंदी वापरा म्हणता, पण त्या आता लागू होतात का?

दोन ठिकाणी होत नाहीत. एक, वर नवं धरण झालं तर. पेंचवर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यावर खालच्या तोतलाडोह धरणाच्या येव्याची जुनी आकडेवारी तशीच्या तशी धरता येत नाही. अशा वेळी धरणानंतरचीच वर्षं घ्या, कमी असली तरी. दोन, गाळ. पातळीवरून साठा सांगणारं कोष्टक धरण बांधतानाचं असेल, तर तीच पातळी आज कमी पाणी दाखवायला हवी, पण कोष्टक जुनाच आकडा देतं. गाळ-सर्वेक्षणानंतरचं कोष्टक मागा.

२२. हे जगात कुठे केलंय?

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो तलावावर. तिथे डिसेंबर २०१२ मध्ये पावसाने तलाव भरला आणि जुन्या नियमावलीनुसार पूरजागा ठेवण्यासाठी पाणी सोडून दिलं. पुढे पाऊस आलाच नाही, २०१३ कोरडं गेलं आणि तळ दिसू लागला. त्यानंतर तिथे अंदाजावर आधारित परिचालनाचा प्रयोग सुरू झाला : मोठं वादळ येत नसल्याचं अंदाजात दिसलं, तर तेवढं पाणी धरून ठेवायचं. अंदाजाचा उपयोग सोडण्यासाठी जितका, तितकाच न सोडण्यासाठीही आहे. आपल्याकडे मात्र तो तसाच उचलून चालणार नाही. त्यांच्याकडे पाऊस हिवाळी वादळांतून येतो, आपल्याकडे चार महिने मॉन्सून असतो.

२३. अंदाज चुकला, पाणी गेलं. जबाबदार कोण?

निर्णयाच्या वेळी हातात काय होतं, यावर तो तपासायचा. नंतर काय झालं यावर नाही. त्यासाठी प्रत्येक विसर्गासोबत एक पानाची नोंद हवी : कोणता अंदाज, किती वाजता पाहिला, पातळी, येवा, प्रश्न ९ चा आकडा, कुणाला कळवलं, कुणाची मंजुरी. अशी नोंद नसेल तर बरोबर निर्णय घेणाराही अडकतो.

२४. दारं उघडली म्हणूनच पूर आला, असं गावात म्हणतात. खरं-खोटं कसं बघायचं?

तासागणिक येवा आणि विसर्ग एकाच कागदावर काढा. विसर्गाचा सर्वोच्च आकडा येव्याच्या सर्वोच्च आकड्यापेक्षा कमी असेल, तर धरणाने पूर वाढवला नाही, थोडा कमीच केला. जास्त असेल तर वाढवला. मग पुढचा प्रश्न : तलाव आधीच पूर्ण संचय पातळीला होता का, आणि का होता? तिसरी शक्यता, विसर्ग येव्याहून कमी पण एकदम वाढवलेला. तेव्हा पुराची उंची धरणाची नसते, पण अचानकपणा धरणाचा असतो. जनावरं आणि मोटरी वाहून जातात त्या या अचानकपणामुळे.

येवा थेट मोजलेला नसतो, पातळीतला फरक आणि विसर्ग यांवरून काढतात. जोराच्या वाऱ्यात मोजपट्टीवर पाणी हेलकावतं. आपल्या तलावात ५ सेंटीमीटरची चूक म्हणजे १ दलघमी, आणि ती एका तासात पकडली तर येवा सुमारे २७८ क्युमेकने चुकीचा दिसतो. म्हणून एका तासाच्या टोकावरून निष्कर्ष काढू नका, तीन-तीन तासांची सरासरी घ्या.

माहिती अधिकारात अर्ज करताना 'पुराची माहिती द्यावी' असं लिहू नका, त्याला एका ओळीचं उत्तर येतं. तारीख आणि वेळ टाकून हे मागा : तासागणिक पातळी, येवा, विसर्ग, कोणता दरवाजा किती उघडला, आणि खालच्या गावांना इशारा दिल्याची वेळ.